आपल्याच वावरात चार आणे

३ सप्टेंबर १९४४, रविवार

दोन आणे! गेल्या मोसमापर्यंत फुटबॉलचं तिकीट एक आणा होतं. एक आणा पुढे करून उभा राहिलो, तर हिलालनं मूठ मिटलीच नाही. हिलाल शिंपी म्हणजे आमच्या तापी यंग क्लबाचा सेक्रेटरी. सहा दिवस चोळ्या शिवतो, रविवारी फाटकावर लाटसाहेब असल्यासारखा उभा राहतो. "अजून एक," म्हणे. कशाबद्दल? "कनातना खर्च शे भाऊ."

खरंच मैदानाला कनात लावली आहे यंदा. कुणाच्या तरी लग्नातली, हळदीचे डाग असलेली. का, तर रेल्वेच्या भरावावर बसून फुकटे बघतात. म्हणजे फुकट्यांनी बघू नये म्हणून पैसे देणाऱ्यांनी जास्त द्यायचे. न्याय बघा!

दिले. न देऊन जातो कुठे? धुळेवाल्यांना दोन-एकनं हरवलं. इंद्रसिंग गोलात उभा असला की माझ्या छातीतलं धडधडणं निम्म्यावर येतं. शेवटच्या पाच मिनिटांत तीन चेंडू अडवले त्यानं, एक तर तोंडावर. घसा बसला आहे माझा.

घरी दादानं विचारलं, बैलाचं औषध मिळालं का. औषधाचं सांगून त्याच्याकडून चार आणे घेतले होते. नाही मिळालं म्हणालो. वडील गेल्यापासून पेटीची किल्ली शांतीलालदादाच्या कडदोऱ्याला. एकतीस वर्षांचा बाप्या मी, आणि दोन आण्यांसाठी थोरल्या भावाला बैलाची दुखणी सांगतो.

८ सप्टेंबर, शुक्रवार

अजून दोन दिवस. भुईमुगात बायका निंदायला लावल्या होत्या, माझं लक्ष कुठे! ढेकूळ दिसलं की पाय आपोआप उचलतो. एक ढेकूळ दगड निघालं. अंगठा सुजला.

शाळेत गुडघा निखळला नसता तर मी आज रेघेच्या आत असतो. हे मंगलाला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं व्हयनं निखयना." बायकोला काही सांगू नये.

१७ सप्टेंबर, रविवार

खांडबाऱ्याला सामना. 'बैल बघून येतो' सांगून निघालो. गाडी पलटणीच्या माणसांनी भरलेली, दारात एका पायावर गेलो. तीन-शून्य. हरलो! जायचं भाडं, यायचं भाडं, भजी, चहा, पुन्हा भजी. हरलेल्या सामन्याला जिंकलेल्यापेक्षा जास्त खर्च येतो. जिंकलं की भूकच लागत नाही.

रात्री जेवताना दादानं विचारलं, "कसा व्हता बैल?"

"हरला," मी म्हणून गेलो.

दादानं वाटी उचलली. ताक प्यायला.

२७ सप्टेंबर, बुधवार. दसरा

यंदाही क्लबाची माणसं सोनं द्यायला आली नाहीत. वडील होते तेव्हा दर दसऱ्याला यायची. एक नारळ, सव्वा रुपया आणि आपट्याची पानं. क्लबाचं मैदान आहे ती स्टेशनामागची खारी पड जमीन आमच्या घराची, तिचं सालाचं भाडं तेवढंच. वडील नारळ तिथल्या तिथे फोडून पोरांना वाटायचे. म्हणायचे, "तठे कुसय उगत नही, पोरं तरी उगोत."

लोक कसे विसरतात! हिलालला चार शब्द सुनावले पाहिजेत.

१ ऑक्टोबर, रविवार

चार आणे.

चार आणे! मी फाटकावरच आवाज चढवला. लढाई आहे मान्य, साखर नाही, घासलेट नाही, पण हवेतला चेंडू बघायला चार आणे? वरून मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "माझ्या बापानं जमीन दिली म्हणून खेळता तुम्ही. नारळ तरी आणलात का दसऱ्याला?"

हिलाल माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्हले खरंच माहीत नही का? भाडं तुम्हना दादा लेतस. मांगला साल पंचवीस लिधात. औंदा चाळीस. नारय नको म्हणे, रोख द्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "यास्नंच वावर शे, अन् हाईच बोंबली ऱ्हायना." लोक हसले. कानाच्या पाळ्या पेटल्या माझ्या.

म्हणजे असं आहे. दादाचे चार आणे माझ्या खिशात. माझ्या खिशातून हिलालच्या डब्यात. डब्यातून पुन्हा दादाच्या पेटीत. मी मधल्यामध्ये फक्त खोटं बोलतो.

जिंकलो की हरलो, मला आठवत नाही. पहिल्यांदाच असं झालं.

२ ऑक्टोबर, सोमवार

बोललो एकदाचा. दादा दात कोरत ओट्यावर बसला होता. मी म्हणालो, वडिलांनी दिलेल्या शब्दाचे पैसे घेतोस?

"पड घरनी शे. घरमा पैसा उना तर तुले कठे दुखस?" दात कोरणं चालूच. "अन् बैलनं म्हणशी तर तो दोन वरीसपाईन बिमार शे. बरा बी व्हत नही, मरत बी नही. मी कधी बोलनू का?"

म्हणजे सगळं माहीत होतं त्याला! पहिल्या आण्यापासून. आणि देत होता. याचा राग यावा की लाज वाटावी, मला ठरवता येईना, म्हणून रागच आला. तोंडातून निघून गेलं, "मग वाटणी कर."

माय आत ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

९ ऑक्टोबर, सोमवार

घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. माय मला बघते आणि डोळ्याला पदर लावते. "चेंडूकरता घर फोडस का रे पितांबर?" चेंडूकरता नाही, म्हणालो. मग कशाकरता, ते मलाही माहीत नाही.

मंगला मात्र खूश आहे. वाटणी म्हणजे वेगळी चूल. ती आतापासून तापीकाठच्या वावरात मनानं केळी लावते आहे. आज पोरीला माझ्यासमोर बसवलं. "इन्हा डोकावर हात ठेवा. नदीनं वावरच लेसात ना?"

ठेवला हात. पोरगी खिदळत होती.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज भरावावरून बघितलं, फुकट्यांत बसून. चार आणे होते खिशात, पण फाटकावर जायला तोंड नव्हतं. भरावावरून अर्धंच मैदान दिसतं. डावीकडचा गोल दिसत नाही, ओरडा ऐकून समजायचं. मधेच सुरतेची गाडी आली, सगळे धडाधड खाली उतरलो. गाडी गेली तोवर गोल झाला होता. आयुष्यात एक गोल कायमचा कमी झाला.

आपल्याच जमिनीकडे परक्यासारखं बघत बसलो होतो. फार वाईट वाटलं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पाडवा होताच दादानं वाटे पाडले. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही.

पहिला वाटा: तापीकाठचं काळं वावर, विहीर, केळीचा बाग.

दुसरा वाटा: टेकडीकडचं हलकं वावर, बैलजोडी, घराचा मोठा भाग. आणि स्टेशनामागची पड.

पंचांनी माना डोलावल्या. बरोबरीचे आहेत म्हणे! टेकडीकडच्या वावरात ज्वारीचं कणीस मुठीत मावतं, पंचांना ते दिसत नाही. दादा माझ्याकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता. जाता जाता म्हणाला, "पड मन्हाकडे उनी तर बरंच शे. जिनवाल्यासले कपाशीकरता गोदाम पाहिजे."

उंदराला काय आवडतं ते माहीत असल्याशिवाय कुणी सापळा मांडत नाही. आणि सख्ख्या भावाइतकं ते कुणाला माहीत असणार!

२२ ऑक्टोबर, रविवार

सामना नव्हता. तरी गेलो. मैदान रिकामं, एक शेळी मधोमध बसलेली. इंद्रसिंग एकटाच गोलापुढे उभा राहून भिंतीवर आपटलेला चेंडू झेलत होता. "गोदाम कधी बांधतस भाऊ?" त्यानं विचारलं. गावभर झालेलं दिसतं. मी म्हणालो, अजून ठरलं नाही. चकरा मारल्या, सात की आठ. घरी आलो, पुन्हा गेलो. बसवत नाही कुठे.

शहाणा माणूस नदीचं वावर घेईल. मी शहाणा आहे. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आहे.

२३ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा.

पंच म्हणाले, पुन्हा विचार कर. मी पुन्हा म्हणालो, दुसरा. दाराआड मंगलाच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. दादाचा चेहरा मी बघितला. तो खूश झाला नाही. अगदी वडिलांसारखा दिसला क्षणभर, आणि म्हणाला, "येडा रे येडा."

२४ ऑक्टोबर

ताटात भाकरी होती. भाजी नव्हती. मागितली नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

हिलालच्या दुकानात गेलो. सांगितलं, आजपासून भाडं वडिलांच्या वेळचंच. एक नारळ, सव्वा रुपया. हिलालनं गळ्यातली मापाची फीत काढली आणि माझे हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. बरोबर केलं असं वाटलं, सात दिवसांत पहिल्यांदा.

मंगला बोलत नाही. पोरगी निरोप्याचं काम करते. "आई सांगस, ज्वारी सरनी."

५ नोव्हेंबर, रविवार

फाटकावर चार आणे!

मला वाटलं पाटी बदलायची राहिली. विचारलं तर हिलाल म्हणतो, "भाऊ, भाडं वाचनं म्हणीसन तर चेंडूनं ब्लॅडर लेता उनं. लढाईमुये दुप्पट भाव शे. अन् इंद्रसिंगले सुरतनी एक मिल बलाई ऱ्हायनी. त्याले काही दिधं नही तर तो चालना जाई."

मग एक आणा कधी? "एक आणामा आते काय येस भाऊ?"

मी तापीकाठ सोडला याच्यासाठी! ओरडणार होतो, पण इंद्रसिंग सुरतेला गेला तर काय राहिलं? मुकाट्यानं खिशात हात घातला. हिलाल क्षणभर संकोचला, पण घेतले. मालकाकडून घेतले! चार आणे!

दोन-शून्य जिंकलो. हेही लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर, सोमवार

लपवून ठेवायचं होतं, पण गावात काय लपतं. चौदा दिवसांनी मंगला बोलली. "त्यास्नं तिकीट कमी व्हयनं नही, आपलं भाडं मात्र गयं. मंग आम्ही खाऊत काय? गोल?"

ती बोलली याचाच मला आनंद झाला होता.

१९ नोव्हेंबर, रविवार

टेकडीच्या वावरात ज्वारी नऊ मण होईल असं वाटलं होतं. चार झाली. दादाच्या माणसानं नदीच्या वावरातला केळीचा घड आणून दिला. माय म्हणते, त्यानं सांगू नको म्हटलं होतं. मंगलानं घड घेतला. माझ्या घशाखाली उतरला नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवलच! मंगला फुटबॉलाचं विचारू लागली आहे. भाकऱ्या थापता थापता, आपणहून. रविवारी माणसं किती येतात? मी म्हणालो, तीनशे, धुळेवाले असले तर साडेतीनशे. भरावावर किती बसतात? शंभर सहज. मोसमात रविवार किती?

मी तर पाटच ओढून घेतला. ऑफसाइड म्हणजे काय ते चुलीपुढे कोळशानं काढून दाखवलं. इंद्रसिंगचे तीन चेंडू सांगितले. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती आणि मान डोलावत होती. म्हणाली, "समजनं."

आठ वर्षांच्या संसारात तिला माझं एवढं कधी पटलं नव्हतं. पडली तिलाही चेंडूची भूल! परवा रविवारी तिला भरावावरून मैदान तरी दाखवावं.

२६ नोव्हेंबर, रविवार

मंगला म्हणाली, भरावावरून नको. पुढच्या रविवारी बघू. सकाळी हिलालच्या बायकोकडे चोळी टाकायला गेली, दुपार झाली तरी आली नाही.

३ डिसेंबर १९४४, रविवार

भरावाच्या बाजूला नवी कनात, दुप्पट उंच. तिकीट सहा आणे, त्यातला एक आणा जागेचं भाडं म्हणून आमच्या घराचा, मंगलानं हिलालशी ठरवलेला. दादानं सालभरात घेतलं ते तीन रविवारांत सुटेल. फाटकावर डबा मंगलाच्या मांडीवर, पदर नाकापर्यंत, हात पुढे. हिलाल बाजूला शाळेतल्या पोरासारखा उभा.

माझ्याकडे चारच आणे होते.

"उधार नही," ती म्हणाली.

भरावावर गेलो. कनातीपुढे काही दिसलं नाही. जिंकलो म्हणतात.