आपांच्या लेकीची पत्रिका

आपा, आज ऑफिसात नवं मशीन आलं आणि मी त्यात मराठी, उर्दू फॉन्ट टाकले. चहा यायच्या आत झालंसुद्धा. एकटीच हसत बसले. तुमच्या टायपिंग क्लासात याच कामानं आपल्या दोघींचा घाम काढला होता.

दुष्काळ होता. वाळूजकडं शेतांत प्लॉट पडत होते, आमच्या गंगापुरात विहिरींनी तळ गाठला होता, आणि मी जीपमध्ये कोंबून बसून तुमच्या क्लासात शिकवायला येत होते. टाइपरायटर काढून तुम्ही एक जुना कॉम्प्युटर घेतला होता, त्यात ती फुकटातली, सगळ्यांना खुली असलेली सिस्टीम. तुमच्या लेकीचं लग्न ठरलं. प्रेसवाला म्हणाला, एका पत्रिकेवर मराठी आणि उर्दू जमणार नाही, काय ते एक सांगा. तुम्ही तिथंच ठणकावलं, "आमचे अर्धे पाव्हणे इकडून वाचतात, अर्धे तिकडून. कुणाला सोडू?"

मग आपणच बसलो. तुमच्या भावानं हैदराबादेहून पाठवलेला उर्दू मजकूर मी उघडते, तर पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी. तुम्ही ओरडलात, "या अल्ला, खिडक्याच खिडक्या! माणसं कुठंयत?" नेट कॅफेतून उर्दू फॉन्ट उतरवून आणला, टाकायला गेले, तर मशीन म्हणतं परवानगी नाही. पासवर्ड ज्याला ठाऊक, तो कॉम्प्युटर विकणारा दुकानदार पुण्याला निघून गेलेला. माझा चेहरा पडला. तुम्ही भज्यांची बशी पुढं सरकवली, "आधी खा, मंग वाच." मशीनमधली मदतीची पानं वाचता वाचता सापडलं, फॉन्ट आपल्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवला तर पासवर्ड लागतच नाही. तुम्ही टाळी दिलीत. "अपने घर में मेहमान बुलाने कू किसकी इजाजत?"

फॉन्ट तिथं ठेवला, नवे फॉन्ट शोधायचा हुकूम मशीनला दिला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. चौकटी गायब! उजवीकडून अक्षरं झुलत उतरलेली, खाली माझं मराठी. तुम्ही मोठ्यानं वाचत सुटलात, लेकीच्या नावाशी थांबलात, पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. बाहेर टँकरसाठी थांबलेल्या बायकांना हाताला धरून आत आणलंत, "बघा गं, दोन्ही एकाच कागदावर!" त्यातली एक म्हणाली, "लई देखणं दिसतंय, आपा."

तुम्हाला जाऊन किती काळ लोटला. हे पत्र कुठं धाडणार? पण एक सांगते. मला नातवंडं झाल्यावर मी उर्दू शिकायला लागलेय. जीम या अक्षरापाशी अडलेय, आणि घरात अजून कुणाला पत्ता लागू दिलेला नाही.