डावखुरीची टोपली

बिग कोव्ह, ९ जून १९८६

प्रिय इर्माताई,
सा. न. वि. वि. तुझी नात शॉना सुखरूप पोचली. घेवडा घातलेली मक्याची भाकरी नाक न मुरडता खाते, म्हणजे वळण तुझं नाही.

शाळेतल्या पोरांबरोबर तिलाही टोपल्या शिकवायला घेतलंय. बाकीची एकेरीवर खूश. दुहेरी विणायची जिद्द हिच्यातच आहे: आतली भिंत तळापासून वर आणायची, काठावर कळकाच्या कामट्या वाकवायच्या आणि त्यांनीच बाहेरची भिंत खाली विणत न्यायची. पण पोरगी डावखुरी. शेजारी बसून माझे हात बघते आणि नक्षी उलटी कलते. दोनदा उसवायला लावली. माझी बोटं कडक होत चाललीत, ताई. ही वीण कुणाच्या तरी हातात दिल्याशिवाय मला मरायचं नाही.

लोभ आहेच, तो ओक्लाहोमाच्या उन्हात सुकू देऊ नकोस.
तुझी मेविस

टालेक्वा, १८ जून

चि. मेविसला अनेक आशीर्वाद.
शॉनाचंही पत्र आलं. उसवून उसवून रडकुंडीला आलीये, परतीची बस विचारते. बोलावून घेऊ का?

गोऱ्यांच्या सरकारने आपल्या पूर्वजांना तुमच्या डोंगरांतून इकडे ओक्लाहोमाला हाकललं तेव्हा नदीकाठचा कळक मिळेना, तर त्यांनी रानवेली विणल्या. टोपल्या झाल्याच ना? तुला मात्र नक्षी कललेलीही खपत नाही. आई तुला हट्टी खेचर म्हणायची, ते उगाच नाही. पोरीला शेजारी नको, समोर बसव. मला विणकाम येत नाही, पण आरशात बघून वेणी घालता येते.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी इर्मा

बिग कोव्ह, ७ जुलै

प्रिय ताई,
सा. न. वि. वि. कबूल करायला जड जातंय, पण तुझं बरोबर निघालं. समोर बसवल्यावर पोरीचा हात सुटला. नक्षी अजून उलटीच कलते. मी उसवायला लावत नाही.

शनिवारी माझी स्वतःची टोपली काठाशी आली आणि बोटं वाकेनात. सगळ्या पोरांदेखत मला रडू आलं. शॉनाने न विचारता टोपली ओढून घेतली, कामट्या भिजवल्या, एकही न मोडता काठ वळवला आणि बाहेरची भिंत तळापर्यंत उतरवली. मी कुरकुरले की तुझी नक्षी माझ्या उलट आहे. तर म्हणते कशी, की मावशीआजी, तुझी आत गेली, आता बघतंय कोण. पोरं खिदळली, मीही हसले.

तिला इतक्यात बोलावू नकोस. काल ती बाकीच्या पोरांना समोर बसवून काठ वळवायला शिकवत होती, आणि मी ओट्यावर खुशाल शेंगा सोलत बसले होते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मेविस