मिसेस गेडिस यांच्याकडचे वीस अंश

१ जुलै, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. डनेडिनमधल्या कुठल्या घराला किती ऊब लागते, याचा अंदाज काढायचं काम आमच्या ट्रस्टने हाती घेतलंय. माझ्याकडे व्हॅलीची सावलीतली बाजू, चारशे घरं. त्यातली चाळीस प्रत्यक्ष मोजायची. एकेक घर आजूबाजूच्या दहांच्या वतीने धरायचं. थंड ठरतील त्या गल्ल्यांना याच जुलै-ऑगस्टच्या हिवाळ्यात घर गरम करणारे हीट पंप. संकल्प: प्रत्येक घराची प्रत्येक खोली मोजणार. घाई करणार नाही.

२ जुलै
आधी फोन करूनच जायचं ठरवलं. न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही. शिवाय घरात कुणी नसलं तर चढ फुकट चढावा लागतो.

४ जुलै, दुपार
मिसेस गेडिस. वय एक्क्याऐंशी, एकट्याच असतात. लाकडाची शेगडी रसरसलेली. मी कोट काढला, मग जर्सीही. चीज स्कोन्स गरम, लोणी सढळ हाताने. थर्मामीटर: वीस. बाकीच्या खोल्यांची दारं बंद होती. बघू का म्हणून विचारणारच होतो, तेवढ्यात तिसरा स्कोन आला. थंडीचा त्रास होतो का, असं मात्र रीतसर विचारलं. "छे रे, माझं मजेत चाललंय. फार वाटलं तर आणखी एक जर्सी चढवायची." लिहिलं: गरज नाही. दहा घरं एका फटक्यात झाली.

५ जुलै
थर्मामीटर त्यांच्याच टेबलावर राहिला. उद्या आणतो. तोवर ऑफिसातला दुसरा घेतलाय.

९ जुलै
पाऊस. थर्मामीटर उद्या.
मेरेआना, म्हणजे आमची साहेब, आकडे बघून म्हणाली की व्हॅली इतकी उबदार कधी झाली? तिची आजी तिथेच राहायची आणि घरात बोलताना तोंडातून वाफ निघायची. मी म्हटलं, काळ बदलला. जेवण नीट गेलं नाही.

१० जुलै
आईची आठवण आली. पाहुणे यायचे असले की ती सकाळीच शेगडी पेटवायची. ते गेले की शेगडी बंद, आणि आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन अंथरुणात. आजच हे का आठवलं, कोण जाणे.

१२ जुलै, शुक्रवार
रिपोर्ट दिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

१५ जुलै
आज मिसेस गेडिसकडे गेलो होतो. कोपऱ्यापर्यंत. चिमणीतून धूर नव्हता, म्हणजे बाई बाहेर गेल्या असणार. खिडकीचा पडदा हलला, पण वारा असेल. परत आलो. मला लाज वाटते आहे. कशाची, ते उद्या शांतपणे लिहीन.

१८ जुलै
फोन न करता गेलो. गाडी समोर लावली आणि हिटर चालू ठेवून पंधरा मिनिटं धीर गोळा करत बसलो. वर पाहिलं तर चिमणीतून धूर.

दार उघडताना त्यांच्या अंगावर ओव्हरकोट होता, डोक्यावर लोकरीची टोपी. "तुझी गाडी दिसली तशी पेटवली. जरा दम धर, तापेल खोली." लाकडाच्या पेटीत दोन ओंडके उरले होते. मी नको नको म्हणेपर्यंत त्यातला एक आत गेला.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. "थर्मामीटर मुद्दाम ठेवून गेला होतास ना? रोज सकाळी लिहून ठेवलंय. चष्मा लावून." सात. सहा. आठ. पाच. पाच. सुबक अक्षर, प्रत्येक आकड्यापुढे तारीख. खाली एक ओळ: चार तारखेचे वीस धरू नयेत, त्या दिवशी पाहुणे होते.

गाडीत येऊन मेरेआनाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, चांगली झापेल. तिने मग एवढंच विचारलं, की चाळीसपैकी किती घरांना मी आधी कळवून गेलो होतो.

चाळीस.