उस्तादांनी मोडलेले दोन बोल्ट

लातूर. आश्विन शुद्ध १, शके १८६३

मोडले! एक नव्हे, दोन. डोकी पान्यात आली आणि धडं इंजिनात अडकून राहिली.

नांदेडहून येताना चाकूरच्या अलीकडे मोटार फटफटायला लागली. इंजिनाचा धूर गोळा करून मागे नेणारा तो बिडाचा मॅनिफोल्ड ढिला झाला होता. बाहेर जायचा धूर फटीतून आत यायला लागला. माणसं खोकून बेजार. एक म्हातारी मला विचारते, "का रं, चूल पेटवली का गाडीत?"

मलप्पा उस्ताद उतरले, बॉनेट उघडलं आणि तापलेल्या बोल्टाला सरळ पाना लावला. मी म्हणालो, थंड होऊ द्या. गरम बोल्टाला हात लावायचा नाही हे मला त्यांनीच शिकवलंय — त्यापायी दोनदा कानाखाली खाल्लीय! "गप बस," म्हणाले. कट्. मग शेजारचा. पुन्हा कट्. गाडी तशीच धूर ओकत लातूरला आणली.

बारा वर्षं ही मोटार चालवणाऱ्या माणसानं असं करावं?

शुद्ध २

मोडक्या बुंध्यांना घासलेट पाजलं. दोन्ही ढिम्म.

शुद्ध ३

मालक महादेवप्पा सकाळीच शेडवर आले. उस्ताद घरी होते. मालकांनी बोल्टांची डोकी हातात घेतली, टाकून दिली. म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात लई जड झालाय. दसऱ्याला गाडी निघाली पाहिजे, सिद्धेश्वर. माहूरला जाणारी माणसं सांगून गेलीत. गाडी तू नीट कर आन् दसऱ्यापासून चालव बी तूच. मलप्पाला आता घरी बसू दे."

सहा वर्षं या मोटारीखाली उताणा पडून काढली. लायसन तीन वर्षांपासून पेटीत आहे, बायकोनं, बसम्मानं, त्याला हळदकुंकू लावून ठेवलंय. घरी सांगितलं तर तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. मी पाच खाल्ल्या.

आता उस्तादांच्या शेजारची ती फळी सुटणार. गेलं वर्षभर ते मला इंजिनाजवळ बसवतात आणि सारखं बोलायला लावतात. "बोल की. पुढं काय दिसून राहिलं?" मग मी आपला — बैलगाडी हाय उस्ताद, उजव्या अंगाला म्हशी, ओढ्यात पाणी न्हाई. उतारू मला बडबड्या म्हणतात. आता मी चालवीन आणि दुसरा कोणी बडबड करील.

उस्तादांना हे कुणी सांगितलं असेल का? मी नाही सांगितलं.

शुद्ध ४

जर्मनीच्या लढाईमुळे हैदराबादेत बोल्ट मिळत नाहीत. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मिस्त्री शेषेराव म्हणाले, लेथवर दोन काढून देतो, पण आधी जुने बुंधे भोक न बिघडवता काढून दाखव. दाखवतो की!

शुद्ध ५

एक निघाला!

बुंध्याला छिन्नीनं खाच पाडली. लोहाराकडून लालबुंद सळई आणून त्याला टेकवली, आणि तापल्या तापल्या बसम्माच्या कुंकवाच्या पेटीतलं मेण लावलं. मेण पातळ होऊन पेचात शिरलं. मग छिन्नी खाचेत धरून उलट्या अंगानं हळूहळू ठोकत राहिलो. जोर केला तर खाच जाणार, नाही केला तर बुंधा हलणार नाही. दुपारी मांजराच्या पिलासारखा कुईं आवाज आला आणि तो फिरला. मी तिथंच शड्डू ठोकला.

शुद्ध ६

मन थाऱ्यावर नाही.

निघालेला बुंधा घरी नेला, बसम्माला दाखवायला. तो मोडला त्या जागी सगळा तांबडा गंज. आतून नुसता भुगा. मधोमध मोहरीएवढं लोखंड चकाकत होतं, तेवढ्यावरच तो तग धरून होता. मी म्हणालो, बाकीचे चार बोल्ट कसे काळेभोर, धडधाकट आहेत. हे दोनच असे का सडले?

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "नारळ फोडून कोयता तसाच ठेवला की सकाळी असाच होतो बघा."

माझा घास तोंडातच राहिला. दर सोमवारी मालक अंघोळ करून येतात, बॉनेट उघडायला लावतात, "हर हर महादेव" म्हणतात आणि मोटारीचा नारळ इंजिनाच्या पुढच्या कडेवर फोडतात. पाणी कुठं जातं? बरोब्बर त्या दोन बोल्टांवर. चर्र आवाज होतो, मालक हात जोडतात. बारा वर्षांचे सोमवार!

म्हणजे उस्तादांचा हात जड नाही. ते बोल्ट माझ्याही हातात मोडले असते.

बसम्माला म्हणालो, आता? ती म्हणाली, "आता काय? मालकाला सांगा." मी म्हणालो, सांगितलं तर लायसन पेटीतच राहील. त्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

शुद्ध ७

सांगितलं नाही. दुसरा बुंधा हलत नाही. दिवसभर त्याच्यावर राग काढला. त्याचा काय दोष.

शुद्ध ८

उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे आज निघाला तर निघाला. चार वेळा तापवला, चार वेळा मेण. ऊन उतरता उतरता सुटला एकदाचा. शेषेरावांनी काढून दिलेले बोल्ट बसवले. इंजिन चालू केलं — मोटार आता फटफट करीना! मांजरासारखी घुरघुरत राहिली.

मग दोन्ही बुंधे रुमालात बांधले आणि मालकांच्या आडतीवर गेलो. गंज दाखवला, ते मोहरीएवढं लोखंड दाखवलं. म्हणालो, अप्पा, उस्तादांचा काही कसूर न्हाई. नारळाचं पाणी हाय हे.

मालकांचं तोंड लाल झालं. "माझ्या नारळानं मोडले म्हणतोस?" मला वाटलं, माझी मिस्त्रीपणाची नोकरीही गेली. ते बुंधा बोटांनी चोळत बसले. बोट तांबडं झालं. मग हळूच म्हणाले, "बारा वर्सं मी देवाला देऊन राहिलो आन् ते लोखंड खाऊन राहिलं." आणि हसायलाच लागले. "जा, मलप्पाला सांग. दसऱ्याला गाडी तोच काढील. नारळ दगडावर फोडू."

मला लई वाईट वाटलं. इथं कशाला खोटं लिहू? पण रात्री भाकरी नीट घशाखाली उतरली.

आडतीवरून तसाच उस्तादांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. वाटलं होतं खूश होतील, पाठीवर थाप मारतील. ते बाजेवर बसून नुसते ऐकत राहिले. म्हणाले, "एवढी खटपट तुला कुणी सांगितली होती?" कमाल आहे!

शुद्ध ९, खंडेनवमी

पाने, छिन्नी, कानस — सगळ्यांना शेंदूर आणि झेंडू. मोटारीलाही माळ. मी हात बांधून बसलो. बसम्मानं लायसनही पूजेत ठेवलं. मी म्हणालो, ते काय हत्यार आहे? म्हणाली, "असू द्या."

नांदेड. दसरा

अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा असताना उस्तादांनी मोटार थांबवली. उतरून माझ्या बाजूला आले. म्हणाले, "सरक तिकडं. चालव."

मी बघतच राहिलो. मग हळू आवाजात म्हणाले, "वर्स झालं, मला पुढचं दिसंना. तुझ्या तोंडानं रस्ता बघून राहिलो. मालकापुढं डोळं गेलं म्हणवंना. ते दोन बोल्ट सडलेत हे मला ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम पाना लावला. हात जड झाला म्हणून घरी बसलो असतो. तर तू शहाणा मला सोडवून आणतोस!"

नांदेडपर्यंत मी चालवली. सवयीनं सांगतच होतो — बैलगाडी हाय उस्ताद, डाव्या अंगाला म्हशी. ते म्हणाले, "आता कशाला सांगतोस? चाक तर तुझ्या हातात हाय."

म्हणालो, तुम्हाला दिसावं म्हणून.