दारातला खोकला

अण्णा, आता परदेशी फोन गल्लीगल्लीतल्या बूथवरून लागतो, आणि माझी मुलगी पुढच्या महिन्यात कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला चालली आहे. यापुढे तिच्याशी बोलायचं ते फोनवरच, आणि मला तर चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. तोंड उघडलं की घशात मुंगी चावल्यासारखं होतं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकतो. एक ताप आला होता, तो गेला आणि हे मागे राहिलं. नामपल्लीच्या दवाखान्यात एक्स-रे काढले, दम्याचा पंप ओढला, युनानी सरबत प्यालो, ज्येष्ठमध तर इतकं चघळलं की जिभेची चव गेली. उतार नाही. जीव मेटाकुटीला आलाय.

गेल्या आठवड्यात नारायणगुड्यातल्या एका तरुण डॉक्टरनं सगळे एक्स-रे बघून बाजूला ठेवले. "फेफडे एकदम साफ हैं साब. गले की नस बिगड गई, बेकार में हल्ला करती. खांसी आई तो खांसो नक्को, रुको, पानी का घोट लो." नसा शांत करणारी एक बारीक गोळी लिहून दिली आणि विचारलं, "घर में और किसी कू थी ऐसी?" मी लगेच नाही म्हणालो.

पण परतताना बसमध्ये आपलं गौलीगुड्याचं जुनं घर डोळ्यांपुढून हलेना. तुम्ही कचेरीतून येता, दारातच खोकता. आई पदर सावरते, ताई रेडिओ बंद करते, मी पुस्तक उघडतो. वडीलधारं माणूस खाकरूनच आत येतं, हे आम्हाला शिकवलेलंच होतं. जेवताना तुम्ही काही सांगायला लागायचात, दोन शब्दांत खोकायचात आणि ताट तसंच सोडून बाहेर जायचात. अण्णा चिडले, असं म्हणून आम्ही काय चुकलं ते शोधत बसायचो. पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या मागे कुणी गेल्याचं मला आठवत नाही.

काल मुलीला बॅग भरताना काही सांगायला गेलो आणि उबळ आली. तिनं मुकाट्यानं टीव्ही बंद केला आणि आत निघाली. अगं, रागावलो नाही, एवढं म्हणायलाही श्वास पुरेना. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "जाऊ नक्को गं, बस तिथंच! बाबांना बोलायचंय." ती बसली. मी घोट घेतला, थांबलो, बोललो, पुन्हा थांबलो. बॅगेत लोणचं कुठे ठेवायचं, एवढंच सांगायचं होतं.

आज डॉक्टरला पुन्हा गाठून तुमच्याबद्दल विचारलं. "गुजरे हुए का कैसे बोलूँ साब? होगी भी, नहीं भी." तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकतो. तुम्हाला हा आजारच असावा, असं मला फार वाटतं. बापाला आजार असावा असं कुठला मुलगा म्हणेल? पण तो नसेल, तर तुम्हाला आमच्यात बसायचंच नव्हतं.