साखर उतरते तेव्हा

प्रिय ठकू,

हे पत्र तुला पोचेल की नाही याचीच धाकधूक आहे. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून मागून घेतला. माझं शिकणं अर्धवट, तेव्हा अक्षर लावून वाच. तुझा खोकला थांबला का? झोपताना गॅस बंद करतेस ना?

तुझी आई आजारी आहे. शिवणकामाचा तिचा नेम तुला ठाऊक आहे, दिवसाचा पहिला कपडा हातावेगळा झाल्याशिवाय तोंडात घास घ्यायचा नाही. मध्यंतरी सकाळी तिला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. एकदा शाळेच्या शर्टाची बाही तिनं मनगटापाशी शिवून बंदच केली आणि खो खो हसत बसली. मला वाटलं, म्हातारपण, दुसरं काय. शेजारीण म्हणाली, साखरेचा आजार दिसतोय, आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. मी घाबरट माणूस, साखरेचा डबाच कुलपात टाकला. हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी, असं आई रोज विचारायची. मी ऐकलं नाही. शेवटी मशीनवरच डोकं टेकून ती बेशुद्ध पडली.

दवाखान्यात कळलं, साखर वाढत नव्हती, पडत होती. छातीत दोन मोठ्या गाठी आहेत, एक तर माझ्या दोन्ही मुठींएवढी. त्या रक्तात असं काही सोडतात की अंगातली साखर पार उतरते. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, मग काढून टाका की. त्यांनी फोटो दाखवला. गाठी हृदयाजवळच्या मोठ्या नसांना विळखा घालून बसल्यात. हात लावला तर ती टेबलावरच जाईल. औषधांवर दिवस ढकलायचे, एवढंच.

आता उशाशी साखरपाण्याची वाटी असते. मुंग्या फार झाल्या, म्हणून पलंगाचे पाय पाण्यात ठेवलेत. रात्री उठवून तिला खायला घालतो, तरी पहाटे साखर उतरतेच. मग ती कुठेतरी लांब जाते आणि तुला हाक मारते. "ठके, जेवलीस का गं? ये, माझ्याजवळ नीज." रोज. साखरपाणी पोटात गेलं की हळूहळू डोळे स्वच्छ होतात, आणि मी तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवते.

तुझ्या लग्नावरून ती म्हणाली होती, "माझ्या मरणालाही येऊ नकोस." तेही या गाठींनीच वदवून घेतलं, असं लिहायला मी बसलो होतो. पण खोटं कशाला लिहू? त्या दुपारी ती पोटभर जेवली होती. ते तिचंच बोलणं होतं. तुला काही कळवायचं नाही, अशी शपथही तिनं चांगली शुद्धीत असताना घातलीय. ती मोडून लिहितोय.

परवा पहाटे तिनं हाक मारली आणि चमचा माझ्या हातातच राहिला. अजून जरा ऐकू दे, असं वाटलं. तिचे ओठ पांढरे पडले तेव्हा भानावर आलो. माझ्या हातून हे पुन्हा होईल, याची मला भीती वाटते. म्हणून ये. संध्याकाळीच ये, स्वयंपाकघरात नीज, तिच्या नजरेला पडू नकोस. पहाटे हाक आली की लगेच ओ दे. मी चमचा भरून बसलेला असेन. फार वेळ थांबता येणार नाही.

तुझाच,
बाबा