नंदाखाल-मार्गे न्यू जर्सी

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज
सकाळी न्यू जर्सीहून मेहुण्याचा, जितेशचा व्हिडिओ कॉल. वसुंधराने मोबाइललाच ओवाळलं. स्क्रीनला कुंकू लागलं. मग मी जितेशशी मुद्दाम इंग्लिशमध्ये बोललो. तीन वाक्यं झाल्यावर म्हणाला, भावोजी, मराठीतच बोला ना. सगळ्यांसमोर. फार लागलं मला. फराळाला हात लावला नाही. (दुपारी चार करंज्या.)

२७ ऑक्टोबर
देव आहे! ऑफिसात नोटीस. आपले पंप आता अमेरिकेत विकणार. तक्रारी घ्यायला इंटरनॅशनल डेस्क, जागा एकच. १ डिसेंबरला बोलण्याची टेस्ट. तक्रार विभागात बावीस वर्षं कोण आहे? शांताराम. पंपाची नस न् नस कोणाला कळते? या शांतारामला. फक्त अ‍ॅक्सेंट बाकी. तो महिन्यात येईल. मग जितेशला त्याच्याच भाषेत फोन करीन.
सोसायटीच्या ग्रुपवर 'लवकरच गुड न्यूज' टाकलं. वसुंधराला शेजारणींचे फोन. या वयात कसं काय, असं विचारतात.

२९ ऑक्टोबर, संध्या. ७
माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोर अ‍ॅक्सेंटचा क्लास लावला. ज्युलियस सर, वय सव्वीस. दातांत पेन्सिल धरून वाचायला लावतात. माझी तुटली. सर म्हणाले, काका, तुमचं इंग्लिश बरं आहे, फक्त सावकाश बोला. हा सल्ला नवशिक्यांसाठी असणार.

३१ ऑक्टोबर
क्लास सोडला. पुस्तक वाचून पोहता येत नाही, पाण्यात पडावं लागतं. जिथे घरात इंग्लिश बोलतात तिथेच जाऊन बसायचं. नंदाखालचे पास्कल आमचे जुने तक्रारदार. नारळ-केळीची वाडी, मोटर दर महिन्याला बंद. ख्रिश्चन माणूस, त्यात बारा वर्षं बोटीवर. म्हणजे घरात इंग्लिशच.
वसुंधरा शाळेत मराठी शिकवते. म्हणाली, अहो, नंदाखालची मुलं माझ्या वर्गात मराठीत पहिली येतात. येत असतील. ते शाळेपुरतं. मी एकोणीस वर्षं वसईत आहे, मला माहीत नाही?

२ नोव्हेंबर, रविवार
स्कूटरवरून नंदाखाल. दारातूनच गुड मॉर्निंग म्हणालो. पास्कल म्हणाले, आलात ते बरं झालं, मोटर पानी खेचत नाय. दोन तास मोटर. विहिरीतल्या पाइपच्या तळाशी, फूट व्हॉल्व्हमध्ये पाला अडकला होता. जीनाबाईंनी चहा-पाव दिला, आनि घ्या, आनि घ्या म्हणत तीन पाव वाढले. इंग्लिश अजून सुरू झालेलं नाही. पाहुण्यासमोर पहिल्या दिवशी लाजतात लोक.

९ नोव्हेंबर, रविवार
पास्कल यांच्याबरोबर चर्चला गेलो. ऐकण्याचा सराव. अख्खा मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, मराठीत! फादरांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. बाहेर पास्कलनी चौघांशी ओळख करून दिली. चौघांच्याही मोटरी बिघडलेल्या.
बोटीवरच्या अमेरिकन लोकांबद्दल खोदून विचारलं. पास्कल म्हणाले, कुठले अमेरिकन, मी भटारखान्यात, सोबत सगळे फिलिपिनो, हाताच्या खुनांवर काम चालायचं. फार नम्र माणूस.

१६ नोव्हेंबर, रविवार
पास्कल यांचा मुलगा जॉयल बँकेत आहे, इंग्लिश मीडियमचा. त्याच्यावर अ‍ॅक्सेंट टाकून पाहिला. त्याने जीनाबाईंना विचारलं, काकांची दाढ दुखते काय? नंतर माझ्याशी हिंदीत बोलला.
आज तीन वाड्यांत तीन मोटरी. म्हणजे तीन घरांत ऐकणं झालं. कान तयार होतोय, जीभ मागोमाग येईल.

२६ नोव्हेंबर
जेवताना वसुंधराकडे पानी मागितलं. हातातला डाव खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. बदल घरच्यांना जाणवायला लागलाय. शुभचिन्ह.

१ डिसेंबर
टेस्ट. हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर एक मिनिट बोलायचं, मार्क मशीन देतं. पंपावर झकास बोललो. स्पीडही अमेरिकन ठेवला. मशीन म्हणालं, कृपया इंग्लिशमध्ये बोला. परत बोललो. परत तेच. तिसऱ्यांदा मी मशीनला समजावून सांगितलं, तेही इंग्लिशमध्ये. पुन्हा तेच. स्वस्तातलं मशीन आणलंय.

५ डिसेंबर
निकाल. इंटरनॅशनल डेस्क तेजस्वीला. परवा-परवा लागलेली पोरगी. सावकाश बोलली म्हणे.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नंदाखाल, आगाशी, निर्मळहून रोज फोन येतात, आमाला शांतारामभाऊच पायजेत म्हणतात. म्हणून पालघर जिल्हा माझ्याकडे. साहेब म्हणाले, तुम्ही तर त्यांच्यातलेच वाटता.
जिन्यात दहा मिनिटं बसून राहिलो. वाईट वाटलं, इथे तरी खोटं कशाला लिहू. ग्रुपवर सगळे विचारतायत, मुलगा की मुलगी.

७ डिसेंबर, रविवार
जितेशचा कॉल. उचलायची हिंमत नव्हती, वसुंधराने फोन हातातच दिला. मग सगळंच सांगून टाकलं. टेस्ट, मशीन, पालघर, पास्कलची मोटर, चहा-पाव. पाऊण तास.  शेवटी जितेश म्हणाला, भावोजी, तुमचा अ‍ॅक्सेंट पार बदललाय हो!
ताठ बसलो. फोन स्पीकरवर टाकून त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. अमेरिकेत राहणारा माणूस सांगतोय, मशीनचं काय घेऊन बसलात! डोळ्यांत पाणी आलं. महिनाभराच्या कष्टाचं चीज झालं.
फोन ठेवला तेव्हा वसुंधरा म्हणाली, अहो, तुम्ही मराठीत बोलत होतात.